सहा वारांची सायकल

सकाळी दहाच्या सुमारास उज्जैनीत देवासगेटकडून फ्रीगंजच्या पुलाची चढण दम टाकीत संपवावी, पलीकडच्या उतरणीवर दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून धरावेत, आणि पोह्यांच्या वाफेतून, ई-रिक्षांच्या गर्दीतून व महाकालाच्या दर्शनाला परप्रांतांतून आलेल्या मोटारींच्या रांगेतून वाट काढीत टावर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याखाली यावे, हा माझा गेल्या एकोणीस वर्षांचा परिपाठ आहे. घर क्षीरसागराच्या बाजूला, वकिली कोठीवरच्या न्यायालयात. जाऊन-येऊन नऊ किलोमीटरांचे हे अंतर मी ऋतू न पाहता सायकलीने काटतो. एका आड एका रविवारी मात्र याच चौकातून मी १९८२ सालच्या, फिकट निळ्या रंगाच्या प्रीमियर पद्मिनीत बसून देवास रस्त्याला लागतो, आणि सहा दिवस मला पाहून मान हलवणारा कोपऱ्यावरचा फुलवाला त्या सातव्या दिवशी माझ्याकडे परक्या गावच्या पाहुण्याकडे पाहावे तसा पाहतो.

या द्विविध संसारामुळे माझ्यावर दोन्ही पक्षांची फिर्याद आहे. पहाटे रंगीत शिरस्त्राणे घालून इंदूर रस्त्यावर सायकलींची दौड करणाऱ्या तरुण मंडळींच्या मते, ज्याला सायकल साधली त्याने घरात मोटार ठेवणे म्हणजे निर्जळी एकादशी धरून कोनाड्यात चकल्यांचा डबा दडवून ठेवणे होय. आणि वकिलांच्या खोलीतले माझे समव्यवसायी, ज्यांतले बरेचसे दोन-दोन किलोमीटरांवरून टोलेजंग पांढऱ्या गाड्यांतून येतात, ते म्हणतात की दारी हत्ती झुलत असता पायी हिंडणारा मनुष्य एक तर कंजूष असला पाहिजे किंवा ढोंगी. माझी मुलगी पुण्याहून फोनवर याहून थोडक्यात निकाल देते. "बाबा, एक काय ते ठेवा." माझा जबाब असा की, या दोन वाहनांमध्ये मुळात वादच नाही. सायकल रोज राबते म्हणूनच ती मोटार आजवर जिवंत राहिली आहे. आणि सरकारने व शहराने मोटारीचा हिशेब मांडताना तिचे वय मोजले, चाल मोजली नाही, एवढाच काय तो या प्रकरणातला खरा वादाचा मुद्दा आहे.

वर्षभर सायकल चालवणे ही तपश्चर्या आहे अशी एक समजूत प्रचलित आहे, आणि ती पसरवण्यात सायकलस्वारांचाच हात मोठा आहे. वस्तुतः उज्जैनीसारखे सायकलीला अनुकूल नगर शोधूनही सापडणार नाही. भूमी सपाट, माझ्या सबंध वाटेवर चढ म्हणावा असा एकच, तो पुलाचा, आणि तोही मनुष्यनिर्मित. एके काळी या गावच्या कापडगिरण्यांचा भोंगा झाला की रस्ते सायकलींनी भरून जात, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या कामगारांपैकी कोणी स्वतःस तपस्वी म्हणवून घेतल्याचे मला स्मरत नाही. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो हे खरे. परंतु सकाळी दहाचे ऊन सोसवते, जिल्हा न्यायालयांत त्या दिवसांपुरती काळ्या कोटातून सवलतही मिळते, आणि खरी परीक्षा असते ती संध्याकाळी पाचच्या परतीला, जेव्हा डांबर दिवसभराचे घेतलेले ऊन व्याजासह परत करू लागते. त्या वेळी त्रास मला होतो त्याहून ट्यूबला अधिक होतो. न्यायालयाच्या आवारात चाक उन्हात राहिले की जुन्या पंचरवर लावलेले ठिगळ सोल्यूशन पातळ होऊन कडेने सुटू लागते, आणि टावरपर्यंत येता येता मागचे चाक मऊ पडते. म्हणून चैत्र लागला की मी सायकलीला सावली आधी शोधतो, पक्षकाराला नंतर. तासाभराने तीच हवा पालटते, आणि ज्या रात्रींमुळे या प्रदेशास शब-ए-मालवा हे नामाभिधान मिळाले त्या रात्रींपैकी एखादी चौकातल्या चौपाटीवर उतरते. त्या वेळी सायकल हाती धरून, भुट्ट्याचा कीस खात, पायी घरी जाण्याइतके सुख कोणत्याही वातानुकूलित पेटीत नाही.

पावसाळा मात्र निराळे प्रकरण आहे. पावसाची माझी तक्रार नाही, चिखलाची आहे. माळव्याची काळी माती कोरडी असता भेगाळते आणि भिजली की लोण्यासारखी चिकट होते. हल्ली तर सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजाग रस्ते उकरलेले असल्यामुळे ती शेतातून उठून थेट डांबरावर येऊन बसली आहे. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत ती थराथराने साठते, चाक आधी कुरकुरते, मग जड होते, आणि शेवटी पायडलवर उभे राहूनही फिरत नाही. यासाठी मी कॅरियरला बांबूची एक कामटी बांधून ठेवतो, टोकाशी चपटी तासलेली, वीतभर लांब. मनोऱ्याच्या आडोशाला सायकल उलटी करावी, सीट आणि हॅन्डलवर उभी ठेवावी, डाव्या हाताने चाक सावकाश फिरवीत उजव्या हाताने कामटी फटीत धरावी, म्हणजे मातीची एक सलग, वळलेली, काळीशार पट्टी चकलीसारखी बाहेर पडत जाते, आणि ती पाहायला शाळेत निघालेली पोरे हमखास थांबतात. घरी आल्यावर साखळी फडक्याने पुसून दोन-दोन कड्यांना एकेक थेंब तेल. रोजची दहा मिनिटे. मोटारीला यातले काहीच लागत नाही असे समजणाऱ्याने मोटार जवळून पाहिलेली नसते.

श्रावणातल्या सोमवारी तर सायकलीवाचून माझी गत नसती. महाकालाची सवारी निघते त्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते दुपारपासून बंद होतात. आता उत्तरेकडचा पौर्णिमान्त श्रावण आपल्या अमान्त श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि आधी संपतो. परंतु ही सवारी श्रावणाबरोबर भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही चालू राहते, कारण तो पंधरवडा मराठी पंचांगाने अजून श्रावणच असतो, आणि शिंद्यांच्या अमलात रुजलेली ती वहिवाट इथल्या हिंदी बांधवांनीही आपलीच मानली आहे. राणोजी शिंद्यांच्या दिवाणाने, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी, अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी पंचांग इथेच राहिले. त्या सर्व सोमवारी मोटारवाले नदीपलीकडे गाड्या ठेवून घाम पुसत येतात, आणि मी सायकल हातात धरून, पालखीला नमस्कार करून, बोळाबोळांतून घरी पोहोचतो.

आता त्या पद्मिनीविषयी. वडिलांनी ती १९८२ सालच्या मे महिन्यात घेतली, आणि मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ असल्यामुळे ती घरी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळले तेव्हा अतिशयोक्ती झाली असे कोणालाही वाटले नाही. हे वाण मराठी वाचकाला सांगावयास नको. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचे नमुने जुळू लागले, त्यांतल्या एका गोलमटोल गाडीला मुंबईकराने 'डुक्कर फियाट' म्हणून कायमचे बारसे करून टाकले, आणि पुढे १९७४ साली त्याच वंशातल्या गाडीला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. १०८९ घनसेंटिमीटरांचे इंजिन, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, चोकची मूठ हाताने ओढावयाची. त्याच वालचंदांनी आपल्या जहाज कंपनीचे पहिले जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतले आणि कंपनीलाही 'सिंदिया' हेच नाव दिले, तेव्हा माधवराव शिंद्यांच्या नावे वसलेल्या या माधवनगरात, म्हणजे आपल्या फ्रीगंजात, वालचंदांची मोटार फिरणे हे मला तरी एक प्रकारचे परतफेडीचे वाटते. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. त्या बातमीनंतर आठवडाभर लोक मला चौकात थांबवून, आप्त वारल्यासारखे, सांत्वन करीत होते.

पण जिव्हाळ्याने इंजिन चालत नाही. छंदाची मोटार सांभाळणे म्हणजे तिला न वापरणे असा जो समज आहे, त्यावर मी स्वतः एकदा चांगलाच शेकलो आहे. एका चातुर्मासात पावसाचे निमित्त करून मी तिला सलग तीन महिने पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली. आश्विनात बॉनेट उघडले तो बॅटरी मेलेली, चाके ज्या बाजूवर उभी होती तिथे चपटलेली, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलचा डिंक झालेला, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचे एक सुस्थापित कुटुंब. त्यांनी वायरींचे वेष्टण कुरतडले होतेच, शिवाय शेडमध्येच ठेवलेल्या माझ्या जुन्या दप्तरातून वकालतनाम्यांच्या कोऱ्या छापील प्रती ओढून नेऊन त्यांचा मऊ बिछाना केला होता. पंधरा दिवस आणि माझ्या सायकलीच्या किमतीइतके रुपये खर्चून ती पुन्हा बोलू लागली. आमच्याकडच्या वयोवृद्ध मिस्त्रींनी, ज्यांच्याखेरीज डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांतली फट डोळ्याने जमवणारा मनुष्य आता या शहरात विरळा, मला त्या वेळी सुनावले की गाडीला आजारी म्हाताऱ्यासारखी निजवून ठेवू नका, पंधरवड्यातून एकदा तरी तिला घाम येईल इतकी चालवा.

या वचनात यंत्रशास्त्र आहे. थंड इंजिन सुरू होताना चोकमुळे गरजेहून अधिक पेट्रोल ओढते. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली उतरून तेलात मिसळते. ज्वलनातून उत्पन्न होणारी पाण्याची वाफही थंड लोखंडावर थिजून तेलात व सायलेन्सरमध्ये साठते. अर्धा-पाऊण तास गाडी धावली, तेल चांगले तापले, म्हणजे हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. चार-साडेचार किलोमीटरांवर गाडी बंद केली तर ते आतच राहते, तेल दुधाळ होते आणि सायलेन्सर आतून सडतो. माझ्या घरापासून कोठीपर्यंतचे अंतर नेमके साडेचार किलोमीटर आहे. याचा अर्थ असा की वकीलमंडळींचा सल्ला मानून मी रोज पद्मिनीने कोठीवर गेलो असतो, तर वर्षातून सहाशे वेळा तिला थंडीत उठवून, गरम होण्याआधीच निजवली असती, आणि ती केव्हाच मोडीत गेली असती. जो प्रवास मोटारीला सर्वांत घातक, तोच सायकलीला सर्वांत सोयीचा. देवासचा फेरा मात्र मोटारीचा: एका बाजूने चाळीसच्या आतले अंतर, मोकळा रस्ता, टेकडीच्या पायथ्याशी चहा. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले, ते या कोरड्या, स्वच्छ हवेमुळे. माझ्या गाडीच्या फुफ्फुसांनाही ती मानवते.

अलीकडे या पथ्यपाण्यात एक नवे कुपथ्य शिरले आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. उसाच्या शेतकऱ्याचे त्यात हित असेल, परकीय चलन वाचत असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि ज्या काळात पद्मिनीच्या पेट्रोलपंपाचा रबरी पडदा व नळ्या घडवल्या गेल्या त्या काळात त्या रबराला अशा पेयाची कल्पनाही नव्हती. त्यामुळे टाकी भरून गाडी उभी ठेवणे, ही पूर्वीची शहाणपणाची रीत, आता मला सोडून द्यावी लागली आहे. लागेल तेवढेच भरतो, पडदा दर दोन वर्षांनी पालटतो. सायकलीच्या तेलाच्या बुधलीत अद्याप कोणी काही मिसळलेले नाही.

आणि आता कायदा, ज्यासाठी मी लेखणी उचलली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा सिद्धान्त. माझ्या गाडीचे नूतनीकरण २०१७ साली सहाशे रुपयांत झाले. २०२२ साली त्याच कामास पाच हजार पडले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीस ही रक्कम दहा हजार केली, तेव्हा २०२७ साली मला तितके भरावे लागतील. वाढत्या वयाबरोबर फी वाढवण्यामागचा हेतू स्पष्ट आहे, की जुनी गाडी लोकांनी मोडीत काढावी. अनुकंपा आहे ती पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना: २०२१ च्या नियमांनी त्यांना 'व्हिंटेज' हा दर्जा, निराळी नंबरपट्टी आणि दहा वर्षांची नोंदणी देऊ केली. परंतु तो दर्जा घेतला की प्रदर्शन, शर्यतफेरी, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती गाडी रस्त्यावर आणता येते. म्हणजे २०३२ साली माझी पद्मिनी पन्नाशीची होईल तेव्हा सरकार तिला मानाचे उपरणे देईल आणि देवासचा चहा बंद करील. पंधरा ते पन्नास या मधल्या वयात ती संशयित, पुढे ती पुतळा. साधी, कधीमधी चालणारी, जपलेली गाडी असा काही प्रकार कायद्याच्या पटावर नाहीच.

प्रतिपक्षाचे जे सबळ आहे ते मी नाकारीत नाही. पद्मिनीला धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र नाही, आणि किलोमीटरामागे तिच्या नळीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले पेट्रोल यांचे प्रमाण एप्रिल २०२० नंतरच्या भारत-सहा प्रमाणाच्या गाडीहून कितीतरी अधिक आहे. शहरभर अशा गाड्या रोज धावू लागल्या तर मीच त्यांच्याविरुद्ध दावा लावीन. पण किलोमीटरामागे किती, हा प्रश्न विचारणाऱ्याने किलोमीटर किती, हेही विचारले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम कर्बवायू निघतो. माझी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, लिटरला बारा देते, म्हणजे तिचा वर्षाचा कर्बवायू चारशे किलोंच्याही आत; नव्या गाडीने रोज ये-जा करणारे माझे स्नेही वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवून सहाशे लिटर जाळतात आणि चौदाशे किलोंच्या घरात जातात. शिवाय त्यांची गाडी वर्षभर रोज आठ तास कोठीच्या रस्त्याकडेला उभी राहून जी जागा अडवते तिचे भाडे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. तपासणीच्या वेळी मीटरचा आकडा समोरच असतो. त्या आकड्यावरच आकार का लावू नये? वर्षाला दोन-तीन हजारांखाली चालणाऱ्या जुन्या गाडीस फी माफक ठेवावी, त्यापुढे ती पायरीपायरीने चढवावी, आणि हाच दंडक कालच्या नव्या गाडीसही लावावा. मीटर मागे फिरवणारे निघतील, असा आक्षेप येईल. निघतीलच, लोक वजनकाट्यातही खोट करतात, म्हणून कोणी वजनाऐवजी वाण्याच्या वयावर धान्य विकत नाही.

शहराकडे माझे मागणे याहून लहान आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत, पूल बांधले जात आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिराभोवतीचे 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून यात्रेकरूंची जी दाटी झाली आहे ती पाहता ते व्हावयास हवेच होते. परंतु रुंद केलेल्या रस्त्याचा तो वाढीव भाग दोन महिन्यांत उभ्या मोटारींनी भरून जातो, हे आपण पाहतच आहोत. त्यातली कडेची पाच हात पट्टी दगडी कठड्याने वेगळी करून सायकलींना द्यावी, आणि टावर चौकात, जिथे संध्याकाळी चौपाटीसाठी शेकडो दुचाक्या आडव्यातिडव्या उभ्या राहतात, तिथे सायकल कुलपाने अडकवता येईल असे लोखंडी दांडे रोवावेत. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली राहतात. एकोणीस वर्षे मी या चौकातून अखंड, उघडपणे आणि कोणाच्याही हरकतीवाचून सायकल नेत आलो आहे. आणखी एक वर्ष गेले की खासगी जमिनीवर असतो तर वहिवाटीचा हक्क सांगितला असता. सार्वजनिक रस्त्यावर तसा दावा लागत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून वर्तमानपत्रात अर्ज करतो.

घरातल्या घरात मात्र या दोघींची केव्हाच तडजोड झाली आहे. गेल्या कार्तिकात देवासहून परत येताना पद्मिनीच्या मागच्या उजव्या चाकाची हवा गेली. जादा चाक काढून पाहिले तर तेही बसलेले. आसपास दुकान नव्हते. डिकीत सायकलीचा हातपंप होता, आणि त्याच्या तोंडाला मोटारीच्या व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी मी पूर्वीच कधीतरी हौसेने बसवून घेतली होती. जादा चाक चढवले आणि कोट काढून पंप मारू लागलो. साठ दट्ट्यांनंतर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माणसाला हवा भरायची वेळ येईल." शंभराच्या पुढे दुधाच्या केटल्या लावलेली मोटारसायकल थांबवून एक तरुण उतरला, काही न विचारता पंप माझ्या हातून घेऊन तो दमेपर्यंत मारत राहिला, मग पुन्हा मी. तीनशेच्या आसपास चाकाची कडा जमिनीवरून बोटभर उचलली गेली. त्याने अंगठ्याने चाक दाबून पाहिले, पंप फडक्याला पुसून डिकीत ठेवला, आणि केटल्या वाजवीत निघून गेला. आम्ही वीसच्या वेगाने, काच खाली करून, चाकाच्या आवाजाकडे कान लावीत दिवेलागणीला टावरपाशी पोहोचलो.